दुसऱ्यांदा येणारा माणूस

(क्रांती चौकाजवळच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटच्या प्रश्नोत्तरांतला निवडक भाग जोडला आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला. पत्नी म्हणाली, 'तुम्हाला रॉकमधलं काय कळतं?' मी म्हणालो, काही कळत नाही, म्हणूनच बोलणार आहे. तत्त्वज्ञानात ही पद्धत फार जुनी आहे. (हशा)

पण हा विषय मी हौसेनं निवडलेला नाही, तो माझ्या दारात चालत आला. आठेक महिन्यांपूर्वी पाच मुलं घरी आली. चार मुलगे आणि एक मुलगी. त्यांतल्या एकाचे वडील माझे विद्यार्थी, त्या ओळखीवर आली. त्यांचा रॉक बँड आहे. सिडकोत एका दुकानामागच्या गोदामात सराव करतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. उन्हाळ्यात आत काय होत असेल, कल्पना करा. ड्रम ती मुलगी वाजवते. गाणी मराठीत, स्वतःची.

त्यांनी दोन कार्यक्रम केले होते. पहिल्याला एकशे दहा माणसं आली. दुसऱ्याला सदतीस. प्रश्न असा होता: 'सर, पहिल्या वेळचे लोक कुठे गेले? आम्ही वाईट वाजवलं का? की या शहरात याला श्रोताच नाही? तसं असेल तर आम्ही पुण्याला जातो.'

हा शेवटचा प्रश्न मला लागला. मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी तो विचारला गेलेला आहे. नोकरीसाठी विचारला जातो, शिक्षणासाठी विचारला जातो. गाण्यासाठीसुद्धा गाव सोडावं लागावं का, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हणालो, मला थोडा वेळ द्या. तो वेळ आज संपला. मुलं मागच्या रांगेत बसली आहेत.

आधी 'बँड' या शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे बँड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो वरातीतला, लाल कोटवाला, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा. तो उत्तम असतो, मी त्याची थट्टा करत नाही. पण त्याला श्रोता शोधावा लागत नाही. लग्न आहे म्हणून तो आहे, माणसं लग्नाला आलेली आहेत. रॉक बँडचं उलटं असतं. गिटार, बास, ड्रम आणि गळा एवढं सामान घेऊन तो उभा राहतो आणि म्हणतो, आमच्याशिवाय इथे यायला दुसरं काही कारण नाही, तरी या. हे धाडस आहे.

आता हा चौक बघा. इथला काळा चबुतरा आपल्याला माहीत आहे. 1857 च्या उठावातल्या शिपायांना इथे मृत्युदंड दिला, म्हणून हा क्रांती चौक. शिवजयंतीला इथे पाय ठेवायला जागा नसते. 14 एप्रिलला इथून भडकल गेटकडे माणसांचे लोंढे वाहतात. ढोल-ताशे असतात, डीजे असतात, हजारो माणसं नाचतात. एखादा म्हणेल, मुलांनो, तुम्हाला श्रोते हवेत ना, ते पाहा! पण ती गर्दी शिवरायांची आहे, बाबासाहेबांची आहे. वाजवणारा बदलला तर तिला कळणारही नाही. गर्दी आणि श्रोता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझं आजचं सगळं बोलणं या फरकावर उभं आहे.

तर मी मुलांना एक उलटा प्रश्न विचारला. एकशे दहातले आणि सदतीसातले सामाईक किती? त्यांनी मोजलं नव्हतं. मग फोनवरचे फोटो काढून बसलो. चेहरे ओळखत ओळखत संख्या निघाली एकवीस. त्यांतले नातेवाईक आणि मित्र वगळले तर उरले नऊ. मी म्हणालो, तुमचे श्रोते नऊ आहेत. आधीचे एकशे दहा हा तुमचा गोतावळा होता. आईवडील, मामा, कॉलेजची टोळी. ते तुमच्यासाठी आले होते, गाण्यासाठी नाही. ते ओसरले यात काही बिघडलं नाही. पण हे नऊ जण, ज्यांच्याशी तुमची ओळख नाही आणि तरी दुसऱ्यांदा आले, ते कोण आहेत?

मुलांना ते आवडलं नाही. नऊ हा आकडा ऐकायला कुणालाच आवडत नाही.

पण दुसऱ्यांदा येणं म्हणजे काय, याचा विचार करा. पहिल्यांदा माणूस कुतूहलाने येतो, कंटाळा आला म्हणून येतो, कुणीतरी ओढून आणतं. दुसऱ्यांदा येताना त्याला माहीत असतं की काय मिळणार आहे, आणि तरी तो येतो. त्याच्या कानात काहीतरी राहिलेलं असतं. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात, अभिनवगुप्तांनी 'सहृदय' कोणाला म्हणावं याचा विचार केला आहे. काव्याच्या सतत सहवासाने ज्याचं मन आरशासारखं लख्ख झालेलं आहे, तो सहृदय, असा त्यांचा आशय. यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द 'सतत'. रसिक जन्मत नाही, घडतो. आणि घडतो तो पुन्हा पुन्हा ऐकून. आमच्या मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात लयीचे नियम सांगितले: संवाद, विरोध, समतोल. मी ते वर्षानुवर्षं शिकवले. पण ते कलाकृतीच्या आत काय चाललं आहे ते सांगतात. श्रोता कुठून येतो, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. असो, हे विषयांतर झालं.

बीटल्सचं उदाहरण सगळेच देतात, मीही देतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. 1960 च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची ही पोरं जर्मनीत हॅम्बुर्ग बंदरात गेली. इंद्रा नावाच्या क्लबात त्यांनी सुरुवात केली. हो, इंद्राच, आपला इंद्र, आणि बाहेर पाटीवर हत्ती! (हशा) रोज रात्री चार-साडेचार तास वाजवायचं, शनिवारी त्याहून जास्त. समोर खलाशी, गोदी कामगार आणि दारू प्यायलेले प्रवासी. सांगितलं जातं ते एवढंच, की बघा किती मेहनत केली. मेहनत केलीच. पण माझं लक्ष दुसऱ्या एका माणसाकडे जातं. त्याच वर्षी ते कायझरकेलर नावाच्या दुसऱ्या तळघरात वाजवत होते. क्लाउस फोरमन हा चित्रकलेचा तरुण एका रात्री रस्त्याने जात असताना आतून आवाज आला म्हणून खाली उतरला. तसल्या जागी त्याच्यासारख्या मुलांनी जाऊ नये अशी ती वस्ती. तो पुन्हा गेला, आणि येताना दोन मित्रांना घेऊन आला. त्यांतली एक ॲस्ट्रिड किर्शहेर. तिने बीटल्सचे जे फोटो काढले ते आज जगप्रसिद्ध आहेत. हा फोरमन म्हणजे दुसऱ्यांदा येणारा माणूस. पुढे याच फोरमनने बीटल्सच्या 1966 च्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमचं मुखपृष्ठ काढलं. एक माणूस दुसऱ्यांदा आला, तर इतकं होतं.

आणि गंमत पाहा. डिसेंबर 1960 मध्ये ते लिव्हरपूलला परतले, लिथरलँड टाउन हॉलमध्ये वाजवलं, तेव्हा जाहिरातीत हॅम्बुर्गहून आलेले असं लिहिलं होतं. लोकांना वाटलं, जर्मन पोरं आहेत, इंग्रजी किती छान बोलतात! स्वतःच्याच गावाने त्यांना परकं समजून डोक्यावर घेतलं. पुण्याला जाऊन परत येणाऱ्या आपल्या कलाकारांचं वेगळं काय होतं? गावात असेपर्यंत 'अरे, हा आपल्या अमक्याचा मुलगा', आणि पुण्याची पाटी लागली की 'सुप्रसिद्ध'.

आता आपल्या मातीत येऊ. श्रोता कसा घडवायचा हे आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. वारकरी कीर्तन पाहा. कीर्तनकार एकटा गात नाही. मागे टाळकरी उभे असतात, ते ध्रुपद झेलतात. समोरचा माणूस आधी नुसता ऐकतो, मग ओठ हलवतो, मग टाळी वाजवतो, आणि पुढच्या वर्षी टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा असतो. श्रोत्याला गाण्यात जागा ठेवलेली आहे. ध्रुपद ही ती जागा. पैठणच्या नाथांच्या भारुडात तर श्रोत्याकडे थेट बोट दाखवून बोलतात. खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकली असेल तुम्ही. ज्या ओळीवर कुणाला भरून येतं, ती ओळ कव्वाल पुन्हा घेतो, आणि पुन्हा घेतो. पुढे जायचं की थांबायचं हे ऐकणारा ठरवतो.

आणि आंबेडकरी जलसा. वामनदादा कर्डक, जन्म 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव. अक्षरओळख मोठेपणी झाली. 2004 साली ते गेले, तोवर गावोगाव फिरून त्यांनी गाणी गायली. ना रेडिओ हाताशी, ना रेकॉर्ड कंपनी. समाजमंदिरासमोर, कंदिलाच्या नाहीतर एखाद्या दिव्याच्या उजेडात कार्यक्रम. मागे कोरस. लोक वह्यांत गाणी उतरवून घ्यायचे. आमच्या नागसेनवनातल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या पेटीत अशी वही असायची. वामनदादा पुढच्या वेळी गावात यायच्या आधीच त्यांची गाणी त्या गावात राहायला आलेली असत. लोक त्यांना ऐकायला येत ते गाण्याला भेटायला यावं तसे.

मग आजच्या मराठी मुलांनी याच वाटेने जाऊन पाहिलं, त्यातून काय दिसतं? दोन उदाहरणं देतो, दोन्ही मुंबईची.

'अभंग रिपोस्ट' नावाचा बँड आहे. इलेक्ट्रिक गिटार, बास, तबला अशा संगतीत ते अभंग गातात. नातवाने मला ऐकवलं. पहिल्यांदा मी नाक मुरडलं, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्यांनी फार हुशारीचा निर्णय घेतला आहे. श्रोत्याला शब्द पाठ आहेत. म्हणजे नव्या बँडसमोर उभा राहणारा माणूस एका अर्थाने दुसऱ्यांदाच आलेला आहे! त्याच्या कानात तुकोबा आधीपासून आहेत. बँडने फक्त गिटारची ओळख करून द्यायची. यात धोकाही आहे, तो सांगतो. श्रोता तुकोबांकडे येतो की बँडकडे, हे कळायला मार्ग उरत नाही. उद्या ही मुलं स्वतःचं गाणं घेऊन उभी राहिली तर किती जण थांबतील? मला वाटतं, अभंग म्हणणाऱ्या प्रत्येक नव्या बँडने वर्षातून एकदा हे करून पाहावं.

दुसरं उदाहरण 'धम्म विंग्ज'. साधारण 2011 च्या सुमारास कबीर शाक्य या तरुणाने हा बँड उभा केला. बुद्ध आणि आंबेडकर यांचा विचार रॉकमध्ये मांडायचा, हा त्यामागचा हेतू. इथे विषय श्रोत्याच्या ओळखीचा, पण वाद्यं अनोळखी. जयंतीच्या मंचावर ज्याला ढोलकी-पेटीची, कव्वालीच्या मुकाबल्याची सवय आहे, त्याच्यासमोर एकदम विकृत केलेला गिटारचा आवाज. विकृत हा शब्द मी निंदा म्हणून वापरत नाही. त्यांच्या भाषेत त्याला डिस्टॉर्शन म्हणतात, तो आवाज मुद्दाम फाडलेला असतो. संतापाला फाटलेला आवाज शोभतो, हे शाहिरांच्या देशात वेगळं सांगायला नको. चेन्नईत 2018 च्या जानेवारीत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आला, एकोणीस कलावंत. त्यांनी उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं गाना हे लोकसंगीत रॉक आणि रॅपच्या शेजारी बसवलं. गाना तिकडे मयताच्या घरीही गातात. म्हणजे तिथेही तेच. ओळखीच्या कानातून अनोळखी आवाज आत न्यायचा.

याच्या उलट मुंबईचा 'रॉक मशीन'. 1984 साली सुरू झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही नावं आपल्यातली वाटतात, पण गाणी इंग्रजी. त्या काळी इथले बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवत, आणि श्रोते तीच मागत. या मुलांनी 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले. मुंबईत 1986 पासून रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरत असे, तिथे कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं जात. तोही वारीसारखाच प्रकार, ठरलेली जागा आणि ठरलेला मोसम. पुढे रंगभवनात आवाजाच्या निर्बंधांमुळे कार्यक्रम बंद पडले, आणि एक श्रोतृवर्ग बेघर झाला. मी याकडे दुःखाने पाहतो. एखाद्या गावातलं देऊळ पडलं तर जत्रा कुठे भरायची?

जागा आणि तिथी ही गोष्ट आपण हलकी समजतो. जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांनी 'सत्य आणि पद्धती' या 1960 च्या ग्रंथात उत्सवाबद्दल फार मार्मिक लिहिलं आहे. उत्सव दरवर्षी परत येतो. तो मागच्या वर्षीचाच असतो आणि तरी नवा असतो. आणि तो साजरा करणारे असतात तेव्हाच असतो. एरवी तो कुठेही ठेवलेला नसतो. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात 1953 साली भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केला तेव्हा आजच्यासारखा अफाट मांडव नव्हता. पण तिथी ठरली, आणि माणसं पंचांगात पाहावं तसं तिकडे पाहू लागली. या मुलांना मी विचारलं, तुमचा तिसरा कार्यक्रम कधी? म्हणाले, सर, हॉल मिळाला की. हे चुकतं आहे. हॉल मिळाला की नाही. दर महिन्याचा दुसरा शनिवार, मग गोदामात का होईना.

आता पत्त्याची गोष्ट. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाचा बँड होता. 1971 च्या त्यांच्या अल्बमच्या आतल्या बाजूला त्यांनी एक विनंती छापली. ऐकणाऱ्यांनी आपलं नाव-पत्ता कळवा, आम्ही तुम्हाला खबर देत राहू. पत्रं आली, यादी झाली, आणि बँड थेट श्रोत्यांना पत्रकं पाठवू लागला. पुढे हे लोक कार्यक्रमात टेपरेकॉर्डर घेऊन येत, तर बँडने त्यांना हाकललं नाही. 1984 पासून त्यांच्यासाठी वेगळी जागा राखून ठेवली. व्यापारी बुद्धी म्हणेल, हा आपल्या पायावर धोंडा. झालं उलटं. कॅसेटी हातोहात फिरल्या, आणि त्या ऐकून नवी माणसं तिकीट काढून आली. वामनदादांच्या गाण्यांच्या वह्या आणि या कॅसेटी यांत मला काही फरक दिसत नाही.

आपल्याकडे दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. बँड 1990 चा. त्यांचा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात खोऱ्यात राहिलेला. आपल्या नंदुरबारच्या डोंगरातली गावंही त्याच लढ्यातली. तिथलं रेवामाईचं गाणं त्यांच्या कार्यक्रमात आलं आणि टिकलं. 'डेझर्ट रेन' हा त्यांचा अल्बम 1 जानेवारी 1997 रोजी दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मृतिकार्यक्रमात उघड्यावर वाजवलेला, जसाच्या तसा. आणि 2010 मध्ये बऱ्यापैकी नाव झाल्यावर त्यांनी काय केलं? नवा अल्बम दर महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर फुकट दिला. वीस वर्षं वाजवल्यावर! त्यांना कळलं होतं की गाणं देऊन टाकलं तरी मैफल शिल्लक राहते, आणि पोट मैफलीवर भरतं.

आता थोडं तांत्रिक, फार नाही. आपल्या कानाला रॉक पहिल्यांदा 'उलटा' का वाटतो? आपली टाळी समेवर पडते. आवर्तनाची पहिली मात्रा आली की मान डोलते. रॉकमध्ये चार मात्रांच्या फेऱ्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर काठी पडते, ती त्या छोट्या, करकरीत ड्रमवर. त्याला ते बॅकबीट म्हणतात. त्यामुळे आपला माणूस टाळी वाजवायला जातो आणि चुकतो. चुकला की लाजतो, लाजला की हात खिशात घालतो, आणि मग परत येत नाही. मी त्या दुसऱ्या कार्यक्रमाला हजर होतो, सदतीसातला एक. माझे हात खिशात होते. मी या ड्रम वाजवणाऱ्या मुलीला म्हणालो, बाई, एक गाणं असं कर की पहिल्या दोन फेऱ्या नुसती टाळी, तू स्वतः काठ्या खाली ठेवून दाखव. तिने पुढच्या सरावात केलं. साधी गोष्ट आहे. ध्रुपदाची जागा शब्दांतच असावी असं नाही, हातांतही असते.

आता माझ्याकडे वळतो. हे मी टाळणार होतो.

1984 साली मी एका महाविद्यालयात गॅदरिंग समितीवर होतो. शिस्तीचा विभाग माझ्याकडे. दोन मुलांनी अर्ज दिला होता, 'स्वरचित गीत, गिटारसह'. गिटार छावणीतल्या चर्चमधल्या कुणाकडून आणलेली, ड्रम म्हणून दोन डबे आणि एक ताशा. पहिलं गाणं झालं. माईक किंचाळत होता. पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरं गाणं सुरू झालं, अर्धं झालं असेल, आणि मी मागे जाऊन मेन स्विच बंद केला. मी स्वतः, शिपायाला नाही सांगितलं. नंतर त्या मुलांना खोलीत बोलावून संस्कृती या विषयावर वीस मिनिटं ऐकवली. मी त्या दिवसांत काय शिकवत होतो, सांगू? कांटचा रुचिविवेक. निर्हेतुक आस्वाद.

त्यांतला एक मुलगा पंचवीस-तीस वर्षांनी एका लग्नात भेटला. केस पिकलेले, अत्यंत आदराने पाया पडला. मीच विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, 'सर, गिटार अजून कपाटावर आहे. दुसरं गाणं आमचं चांगलं होतं, तेच तुम्ही ऐकलं नाहीत.' गाणं कशावर होतं, विचारलं. म्हणाला, एसटी स्टँडवर. आमच्या गावची शेवटची गाडी चुकलेल्या माणसावर.

त्या गाण्याची एक ओळही मला आठवत नाही. आठवणार कशी? तर मुलांनो, तुम्ही विचारलंत ना, या शहरात याला श्रोता का नाही? त्या उत्तरातला काही भाग आत्ता तुमच्यापुढे माईक धरून उभा आहे.

(थोडा वेळ शांतता.)

प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आता सगळं इंटरनेटवर आहे. गोदामात नऊ जणांसाठी कशाला वाजवायचं? एक व्हिडिओ चालला की लाखो लोक बघतात.

उत्तर: बरोबर आहे, आणि तुमच्या बाजूचं उदाहरण मीच देतो. दिल्लीचा 'ब्लडीवुड'. मुलांनी गमतीगमतीत चालू गाण्यांना मेटलचं रूप देऊन व्हिडिओ टाकले, मग स्वतःची गाणी केली, ढोल वगैरे घेऊन. 2019 मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन या मोठ्या मेटल महोत्सवात वाजवून आले. त्यांचा श्रोता मंचाआधी पडद्यावर तयार झाला. तेव्हा हे होतं. पण तिथेही बघा, एका व्हिडिओवर थांबून चाललं नाही. दुसरा, तिसरा, पाचवा टाकत राहावं लागलं, आणि लोक परत आले. पडद्यावर किती जणांनी पाहिलं हा आकडा माझ्या लेखी त्या एकशे दहासारखा आहे. त्यांतले परत किती आले, ते मोजा. फोनवर ते कळतं म्हणतात. मला ते यंत्र चालवता येत नाही, यांना येतं.

प्रश्न (एक ज्येष्ठ श्रोते): प्राध्यापक महाशय, मन मोठं करा म्हणता, पण कान आमचे आहेत. आवाजाचं काय?

उत्तर: तुमची तक्रार योग्य आहे. कायद्याने रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, तो नियम या मुलांनाही लागू आहे. ते आठला संपवतात. सणांच्या दिवशी सूट मिळते ती मिरवणुकींना, यांना नाही. आणि एक सांगू का, डीजेने आपल्या खिडकीच्या काचा हलतात तेव्हा आपण उत्सव आहे म्हणून सोसतो. त्याच्या निम्म्यानेही या मुलांचा आवाज नसतो. तरी कापूस आणा. मी आणतो. (हशा)

प्रश्न (मागच्या रांगेतून): सर, पुण्याला जायचं की नाही, ते तुम्ही सांगितलंच नाही.

उत्तर: नाही सांगितलं. कारण जायचं असेल तर जा. लिव्हरपूलची पोरंही गेली होती. फक्त जाण्याआधी त्या नऊ जणांचे फोन नंबर घ्या. मागच्या वेळी तुम्ही घेतले नव्हते. मी दहावा आहे, माझा नंबर तुमच्याकडे आहे. त्यांना सांगून जा, कधी परत येणार ते. आणि पुढच्या शनिवारी सहा वाजता गोदामात तुमचा सराव आहे, तो बाहेरच्यांसाठी उघडा ठेवणार असं तुम्ही मला कबूल केलं आहे. इथे जमलेल्यांना पत्ता सांगा. हळू सांगा, लोक लिहून घेत आहेत.